लाल मोजे

उतारवयात माणसाला कशाचं वेड लागेल ते सांगता येत नाही. आमच्या कचेरीतले एक हेडक्लार्क निवृत्त झाल्यावर होमिओपॅथीकडे वळले आणि बघता बघता सबंध बिल्डिंगमध्ये निरोगी माणूस उरला नाही. दुसरे एक जण पेटी शिकले. त्यांच्या शेजाऱ्यांनी घर बदललं. मला वयाच्या साठाव्या वर्षी बेसबॉलचं वेड लागलं. राहणार डोंबिवली. तिथं बेसबॉलची बॅट दाखवली तर लोक ती कपडे धुवायची समजतील.

याचं असं झालं. २००४ च्या मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या एका उपनगरात जाऊन पोचलो. बाळंतपणाला खरी गरज आईची असते. वडील लागतात ते विमानात आईच्या शेजारच्या खुर्चीत बसायला. नातू झाल्यावर तर घरात माझी जागा कपाटाच्या जरा खाली आणि इस्त्रीच्या टेबलाच्या जरा वर अशी ठरून गेली. "अहो, तिथं उभे राहू नका," "बाबा, दार हळू लावा," "अहो, खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोका," असं ऐकत ऐकत मी एक दिवस खोकायला म्हणून जो अंगणात गेलो, तो थेट शेजारच्या आजोबांच्या व्हरांड्यातच जाऊन बसलो.

हे गृहस्थ त्र्याऐंशी वर्षांचे. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, घरात एकटे. त्यांच्या आडनावात बोलक्या अक्षरांपेक्षा मुकी अक्षरं जास्त होती, म्हणून आमच्या हिनं दुसऱ्याच दिवशी त्यांचं 'तात्या' असं बारसं करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं. इंग्रजीत 'यू' एकच. पण ते मला 'तू' म्हणतात आणि मी त्यांना 'तुम्ही' म्हणतो, हे आम्हां दोघांनाही न सांगता कळत होतं.

त्यांचं इंग्रजी समजायला मात्र महिना लागला. बॉस्टनच्या जुन्या माणसांचं 'र' या अक्षराशी पिढीजात वैर आहे. ते गाडी 'पार्क' करत नाहीत, 'पाक' करतात. तात्या उठता बसता 'फेनवे पाक, फेनवे पाक' म्हणायचे, तेव्हा हा काहीतरी आवळेपाकासारखा प्रकार असावा अशी हिची समजूत झाली होती. पुढं कळलं की फेनवे पार्क हे १९१२ साली सुरू झालेलं मैदान असून बॉस्टनच्या 'रेड सॉक्स' या बेसबॉल संघाचं ते घर आहे. रेड सॉक्स म्हणजे लाल मोजे. वाघ, सिंह, गरुड ही नावं सोडून मोज्यांवरून संघाचं नाव ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला तिथंच आपुलकी वाटली.

खेळ मला तात्यांनी शिकवला. शिकवला म्हणजे माझं क्रिकेट आधी पुसून काढलं. या खेळात चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं. शिवाजी पार्कवर कोणी असं केलं असतं तर त्याला पुढच्या सामन्याला पाणी द्यायला ठेवलं असतं. इथं 'चोरी' कायदेशीर आहे. पिचरचं लक्ष चुकवून एका बेसवरून दुसऱ्यावर पळालात तर त्याला चोरी म्हणतात, आणि ती वहीत तुमच्या नावावर मानानं मांडतात. संघाचा मॅनेजर पोट सुटल्यावरही खेळाडूंचाच पोशाख घालून बसतो. एकूण संघ तीस, त्यांतले दोन त्या वर्षी कॅनडातले, पण शेवटच्या मालिकेला म्हणायचं 'वर्ल्ड सीरिज.' मी याबद्दल शंका काढली तेव्हा तात्या म्हणाले, "जगात आणखी कोण आहे?" मी वाद घातला नाही. आमच्याही गल्लीत 'अखिल भारतीय' मंडळं आहेत.

एक गोष्ट मात्र मला एकदम पटली. क्रिकेटमध्ये धावा काढून माणूस कुठं जातो? या टोकाचा त्या टोकाला. बेसबॉलमध्ये तो घरातून निघतो, तीन ठाण्यांना शिवतो आणि पुन्हा घरी येतो. घरी पोचला तरच धाव. परदेशात लेकीकडे सहा महिने काढणाऱ्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आणि सामने तरी किती? एका मोसमात एकशे बासष्ट! जवळजवळ रोज एक. म्हणजे रोज संध्याकाळी काळजी. आपल्याकडे काळजी करायला निदान मुलीचं लग्न तरी काढावं लागतं. इथं एप्रिल ते सप्टेंबर सरकारी नळासारखी ती आपोआप येते. एकदा जावयांनी फेनवेची तिकिटं काढली. डाव्या बाजूला एक सदतीस फूट उंचीची हिरवीगार भिंत आहे. तिला 'हिरवा राक्षस' म्हणतात. माझी नोकरीही बरोबर सदतीस वर्षं झाली. त्या भिंतीवर आपटून परत येणारे चेंडू बघताना मला माझे बढतीचे अर्ज आठवले.

जुलै सरेपर्यंत मला तात्यांचं दुखणं समजलं. लाल मोजे शेवटचे वर्ल्ड सीरिज जिंकले ते १९१८ साली. त्यानंतर त्यांच्या मालकानं बेब रूथ नावाचा एक अचाट खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकी संघाला एक लाख डॉलरला विकून टाकला. मालक नाटकधंद्यातला. नाटकापायी घरदार विकणारे आपण पाहिले आहेत, याने बेब रूथ विकला. तोपर्यंत यांकी एकदाही वर्ल्ड सीरिज जिंकले नव्हते. पुढं २००० सालापर्यंत ते सव्वीस वेळा जिंकले, आणि लाल मोजे शून्य. बेब रूथला लाडानं 'बांबिनो' म्हणजे 'बाळ' म्हणत. तेव्हापासून हा 'बाळाचा शाप.' १९४६, १९६७, १९७५, १९८६ अशी चार वेळा लाल मोज्यांनी अंतिम फेरी गाठली आणि चारही वेळा सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यात हरले. नुसतं हरणं वेगळं. हे म्हणजे दर खेपेला बोहल्यावर चढून परत येणं.

तात्यांचा जन्म १९२१ चा. "मी तीन वर्षांनी उशिरा जन्मलो," असं ते सांगत. त्यांच्या वडिलांनी १९१८ चा विजय पाहिला होता आणि त्याच एका गोष्टीवर त्यांनी मुलाला लहानाचं मोठं केलं होतं. दरवर्षी हरल्यावर वडील एकच वाक्य म्हणायचे, "पुढच्या वर्षी." वडील १९७१ साली गेले. मग ते वाक्य तात्या म्हणू लागले. मी त्यांना सांगितलं, "आमच्याकडे गणपती पाण्यात सोडताना लाखो लोक हेच ओरडतात." ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "तो येतो का?"

"दरवर्षी."

"नशीबवान आहात," तात्या म्हणाले.

तर त्या वर्षी आपला गणपती पाण्यात गेला त्याच सुमारास, २७ सप्टेंबरला, लाल मोज्यांचं पुढच्या फेरीतलं स्थान नक्की झालं. तेसुद्धा पहिल्या नंबरानं नव्हे. यांकींनी १०१ सामने जिंकले, आपण ९८. (जुलैपर्यंत मी 'ते' म्हणत होतो. सप्टेंबरात 'आपण' कधी म्हणू लागलो ते कळलं नाही.) पण गटात दुसऱ्या आलेल्यांतला जो सर्वांत बरा, त्यालाही त्या काळी वर घेत. त्याला 'वाइल्ड कार्ड' म्हणतात. जावयांना ते मला समजावून सांगायला पाऊण तास लागला. शेवटी मी म्हटलं, "म्हणजे एटीकेटी!" ते म्हणाले, "बाबा, आधीच सांगायचं ना."

पहिली फेरी अनाहाइमशी. तीनपैकी तीन जिंकलो. मग समोर कोण? यांकी! वर्षभरापूर्वी याच टप्प्यावर, सातव्या सामन्याच्या अकराव्या डावात, यांनीच आपल्याला घरी पाठवलं होतं. आता पुन्हा सातांतले चार जिंकणारा पुढं जाणार.

१२ आणि १३ ऑक्टोबरचे पहिले दोन सामने आपण हरलो. ही म्हणाली, "हरतील नाही तर काय! पितृपक्ष चालू आहे."

"अगं, अनाहाइमला हरवलं तेव्हाही पितृपक्षच होता."

"ते अनाहाइमचे पितर होते," असं म्हणून ती नातवाला न्हाऊ घालायला निघून गेली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण या बाईंशी युक्तिवादात मी एकदाही पहिल्या बेसपर्यंत पोचलेलो नाही.

तिसरा सामना पावसानं एक दिवस पुढं गेला. शनिवारी, नवरात्रात झाला. मी तात्यांच्या शेजारी सोफ्यावर बसून तो सबंध पाहिला. यांकी १९, आपण ८. फेनवेवर, आपल्याच घरात! हा बेसबॉलचा नव्हे, फार तर टेबलटेनिसचा स्कोअर. आता तीन-शून्य. सात सामन्यांच्या मालिकेत तीन-शून्यवरून कोणताही बेसबॉल संघ कधी परत आलेला नव्हता. तात्यांनी टीव्ही बंद केला. "पुढच्या वर्षी" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्र्याऐंशीव्या वर्षी ते वाक्य एवढ्या सहज म्हणता येत नाही. मी चपला शोधण्याच्या निमित्तानं बराच वेळ खाली वाकून राहिलो.

दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, मी पुन्हा गेलो. मर्तिकाच्या घरी दहा दिवस जायचं असतं तसा. बाराच्या सुमारास नववा, म्हणजे शेवटचा डाव आला. आपण ४–३ असे मागं. समोर पिचर मारियानो रिवेरा. हा माणूस शेवटच्या डावात येतो तो सामना संपवून दिवे मालवायलाच. माझी ब्लडप्रेशरची गोळी राहिली होती. म्हटलं, आता बघण्यासारखं काय आहे! मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो.

तेवढ्यात बाहेर तात्या ओरडले. मी गोळी तोंडात घेऊन धावलो. केव्हिन मिलर फुकटात पहिल्या बेसवर पोचला होता, त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स नावाचा चपळ गडी पळायला आला होता, आणि सबंध स्टेडियमला ठाऊक असताना, रिवेरानं तीन वेळा चेंडू टाकून त्याला धाक घातला असताना, त्यानं दुसरा बेस चोरला होता! मी "काय झालं?" म्हणून दारात उभा राहिलो, तर तात्यांनी माझ्याकडे न बघता हात केला. "परत जा!"

"कुठं?"

"स्वयंपाकघरात! तू तिथं होतास तेव्हा हे झालं!"

मी परत गेलो. लगेच बिल म्युलरनं चेंडू मधोमध मारला, रॉबर्ट्स घरी पोचला आणि बरोबरी झाली. हे मी पाहिलं नाही. फ्रिज पाहिला. पुढचे तीन डाव मी तिथल्या एका खुर्चीवर बसून काढले. खुर्चीवर क्रोशानं विणलेली निळी उशी होती. रात्री एक वाजून बावीस मिनिटांनी, बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझनं होम रन मारला, तेव्हा मी तात्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. ते २००२ सालचं होतं आणि कोणीतरी सुबक अक्षरात दंतवैद्याच्या तारखा लिहिलेल्या होत्या.

घरी आलो तर ही जागी. "दीड वाजला. डोंबिवलीला दहाची गाडी चुकली तर घर डोक्यावर घेता. होतात कुठं?"

"तात्यांच्या स्वयंपाकघरात."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तसं तिनं आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "इथं चहाची पातेली कुठं असते ते रोज विचारता!" एवढंच ती म्हणाली.

पण एकदा नेमणूक झाली ती झाली. दुसऱ्या दिवसाचा सामना चौदा डाव चालला, पावणेसहा तासांच्या वर. मी पावणेसहा तास स्वयंपाकघरात. पुन्हा ऑर्टिझनंच जिंकून दिला. आदल्या रात्रीचा सामना मध्यरात्रीनंतर संपला होता आणि हा मध्यरात्रीपूर्वी संपला, म्हणजे १८ ऑक्टोबर या एकाच तारखेला आपण यांकींना दोनदा हरवलं. आमच्या कचेरीत एका तारखेला एकच काम होत असे. तिकडे चेन्नईला त्याच दिवशी भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा शेवटचा दिवस पावसात वाहून गेला. जावयांनी इंटरनेटवर पाहून मला सांगितलं, तर मी विचारलं, "कुठली कसोटी?" जावई काळजीत पडले.

सहावा सामना न्यूयॉर्कला. कर्ट शिलिंग नावाच्या पिचरच्या घोट्याचा स्नायुबंध जागेवरून सरकला होता. डॉक्टरांनी तो कातडीला टाके घालून कसाबसा जागेवर बांधला, आणि हा पठ्ठ्या तशा पायानं खेळला. मोजा रक्तानं माखला. लाल मोज्यांचा खराखुरा लाल मोजा! हे मला तात्यांनी आतून-बाहेरून ओरडून सांगितलं. त्या दिवसांत मी सामना पाहिला नाही, तात्या ऐकले. त्यांच्या "ओह"चे पाच प्रकार मला ओळखू येऊ लागले. एक लांब "ओह" म्हणजे चेंडू उंच गेला, पण झेल झाला. दोन तुटक "ओह" म्हणजे आपला माणूस बेसवर. आणि काहीच आवाज नाही म्हणजे उठून दारातून डोकवावं, म्हाताऱ्याचा श्वास चालू आहे ना ते बघावं आणि ओरडा खायच्या आत परत खुर्चीवर बसावं.

२० ऑक्टोबरला सातवा सामना आपण १०–३ असा जिंकला. तीन-शून्यवरून चार-तीन! दोन दिवसांनी दसरा होता. आपट्याची पानं तिथं कुठली? पण ऑक्टोबरात बॉस्टनकडे मेपलची झाडं अशी पिवळीधमक होतात की सोनं लुटायला रस्त्यावर यावं. मी एक पान तात्यांना दिलं आणि सांगितलं, "आज आमच्याकडे सीमा ओलांडून लढाई जिंकून आलेल्यांचा सण असतो." त्यांनी ते पान टोपीत खोवलं. ती टोपी एप्रिलपासून धुतलेली नव्हती, कारण धुतली की हरतात. आमच्या हिला गुरुवारी केस न धुण्याबद्दल मी आयुष्यभर हसत आलो होतो. तेही मला बंद करावं लागलं.

वर्ल्ड सीरिज सेंट लुइसच्या संघाशी. पहिले तीन सामने आपण जिंकले आणि चौथा आला २७ ऑक्टोबरला. त्या रात्री आमची कोजागिरी. एवढंच नव्हे, त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण! बॉस्टनच्या वेळेनं सव्वानऊला लागणार आणि सुटायला जवळजवळ एक वाजणार. हिच्यापुढं मोठा पेच पडला. कोजागिरीचं दूध चंद्राला दाखवायचं आणि चंद्र तर ग्रहणात! शेवटी लेकीच्या खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीपत्र घालून, झाकण ठेवून, पातेलं घेऊन ही माझ्याबरोबर तात्यांकडे आली. ग्रहण सुटल्यावर सगळ्यांनी मिळून घ्यायचं ठरलं. तात्यांनी तिचीही नेमणूक अर्थातच स्वयंपाकघरात केली. मसाल्याचं दूध, आमची ही आणि मी असे तिघे तिथं ताटकळत बसलो. दुसरा दिवस निरोपाचा होता. २९ तारखेचं आमचं परतीचं तिकीट.

"ही उशी त्यांच्या बायकोनं विणलेली असणार," ही हळूच म्हणाली. "आणि खुर्चीही तिचीच." बायकांना या गोष्टी कशा कळतात देव जाणे. मी दहा दिवस त्या खुर्चीवर बसलो होतो.

नववा डाव. आपण ३–० असे पुढं. बाहेर सामसूम. मग तात्यांचा आवाज आला. ओरडणं नव्हे, अगदी हळू. "दोन बाद झाले. बाहेर या."

मी जागचा हललो नाही. म्हटलं, "तात्या, नको. एकच राहिलाय. मी इथं बरा आहे."

ते उठून दारात आले. शहाऐंशी वर्षांत जो क्षण आला नव्हता तो टीव्हीवर चालू होता, आणि हा माणूस त्याकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या दारात उभा. ते म्हणाले, "१९८६ साली असंच झालं होतं. सहावा सामना, दहावा डाव, आपण दोन धावांनी पुढं, दोन बाद. विजय एका स्ट्राइकवर आला होता. ती इथं बसलेली असायची. ती इथं बसली की आम्ही जिंकायचो. मी तिला हाक मारली, ये, बघ. ती हात पुसत बाहेर आली. आणि मग सगळं गेलं. एक हिट, दुसरा, तिसरा, आणि शेवटी तो चेंडू बकनरच्या पायांतून. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर शेवटच्या डावात ती कधी बाहेर आली नाही. मीही बोलावलं नाही. सोळा वर्षं. मला वाटायचं, जिंकण्यासाठी एवढं करायला हवं." जरा थांबून ते म्हणाले, "मूर्खपणा. हरलो असतो तरी बरोबर बसून हरायला हवं होतं. या बाहेर."

आम्ही दोघंही उठलो. हिनं दुधाचं पातेलंही बरोबर घेतलं, का ते तिलाही सांगता येणार नाही. सोफ्यावर तिघं बसलो. खिडकीतून चंद्र दिसत होता, तांबडा, विटक्या लाल मोज्यासारखा. टीव्हीवर सेंट लुइसचा फलंदाज उभा होता, रेंटेरिया. पाठीवर ३ आकडा. बेब रूथचाही आकडा ३ होता. मला स्वयंपाकघरात परत पळावंसं वाटलं. हिनं माझा हात धरून ठेवला.

रेंटेरियानं मारलेला चेंडू एक उशी घेऊन थेट पिचर फोकच्या हातात आला. फोक दोन पावलं पुढं धावला आणि त्यानं अगदी हळू, वाटीतली साखर द्यावी तसा, तो पहिल्या बेसकडे दिला. संपलं. शाप, बाळ, शहाऐंशी वर्षं, सगळं संपलं.

तात्या ओरडले नाहीत. त्यांच्या "ओह"चा सहावा प्रकार मला त्या रात्री कळला. त्याला आवाज नसतो. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते, कोणी पातेली बडवत होतं, आणि तात्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत होते. कोजागिरीला लक्ष्मी 'कोण जागं आहे?' असं विचारत फिरते म्हणतात. त्या रात्री तिला बॉस्टनमध्ये फार वेळ लागला असणार. एकच्या सुमारास ग्रहण सुटलं. आम्ही दूध प्यायलो. गार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी विचारलं, "गाडीनं जरा सोडशील का?" मला तिकडे गाडी चालवता येत नव्हती. जावयांनी ऑफिसला दांडी मारून आम्हांला नेलं. तात्यांनी जायचं ठिकाण सांगितलं, ते दफनभूमी. मला वाटलं होतं, आम्हीच असू. पण तिथं गाड्या लावायला जागा नव्हती! माणसं थडग्यांपाशी उभी होती. कोणी टोपी ठेवली होती, कोणी बेसबॉलचा चेंडू, कोणी संघाचं निशाण, कोणी सकाळचा पेपर. तिथंच असं नव्हे, त्या आठवड्यात त्या सगळ्या मुलखात हेच चाललं होतं असं पुढं वाचलं. वडिलांना, आजोबांना, बायकोला सांगायला आले होते सगळे. आमच्याकडे सर्वपित्रीला पान वाढून 'या' म्हणतात. इथं हे स्वतःच चालून आले होते. पितृपक्ष नुकताच संपला होता, पण काही म्हणा, हिचा मुद्दा मला तिथं थोडा पटला.

तात्यांनी वडिलांच्या दगडावर पेपर ठेवला. बायकोच्या दगडाजवळ बराच वेळ उभे राहिले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तीन-शून्य." थोडं थांबून, "ये, बघ."

आम्ही परत आलो. नागपूरला ऑस्ट्रेलियानं आपल्याला हरवून पस्तीस वर्षांनी भारतात मालिका जिंकली होती. माझे मित्र सुतकी चेहऱ्यानं बसले होते आणि मी पेढे वाटत होतो. नातवाचे, असं मी सांगितलं. २००७ साली लाल मोजे पुन्हा जिंकले, तेव्हा तात्यांचा फोन आला. "आता काय, रोजचंच झालं," असं म्हणाले, पण आवाज वेगळं सांगत होता. २०१० साली ते गेले. पुढं २०१३ आणि २०१८ चे विजय मी डोंबिवलीत, सकाळच्या चहाबरोबर ऐकले.

आता मी तात्यांच्या त्या वेळच्या वयाच्या आसपास पोचलो आहे. २९ जून २०२४ च्या रात्री भारत-दक्षिण आफ्रिका टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल होती. शेवटचं षटक, त्यांना सोळा धावा हव्यात. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात. वीस वर्षांत मला पातेल्यांच्या जागा पाठ झाल्या आहेत. तेवढ्यात बाहेर ही ओरडली. सूर्यकुमारनं सीमेवर तो झेल घेतला होता. मग ती दारात आली. "अहो, पाच चेंडू राहिलेत. या बाहेर."

"नको. मी इथं असताना झालं ना?"

"हरले तर तुमच्याबरोबर हरतील. या."

मी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन तिच्याशेजारी बसलो. आपण जिंकलो, ते तुम्हांला ठाऊकच आहे. त्या गडबडीत दूध मात्र उतू गेलं. मी बंद केला होता तो दुसराच गॅस.